दहाव्याच्या आतला निरोप

पाऊस गेला होता, पण जातो म्हणून कुणाला सांगून गेला नव्हता. ढग तसेच बिबवेवाडीवर ओल्या गोधडीसारखे लोंबत होते, वारा पडला होता आणि उजाडतानाच अंगाला चिकचिक सुटली होती. श्यामला भोयर मोरीत वाकून निळ्या ड्रममध्ये सोडलेल्या नळीकडे बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे पाणी बंद. त्यामुळे बुधवारी ड्रम, बादल्या, कळशी, मोठा कुकरसुद्धा भरून ठेवायचा, हा त्या घरचा नेम. नळीची धार करंगळीएवढी होती.

"काऊन वं, आलं काय पानी?" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं. सुशीलाबाई पाटावर बसून गवारीच्या शिरा काढत होत्या.

"येऊन रायलं, आई. धार बारीक हाय."

"तुमच्या पुन्यात पानीबी पावन्यावानी येते. दारातूनच म्हनते, बसत नाई, जातो."

श्यामलाला हसू आलं होतं, पण हसायलाही थोडी ताकद लागते, आणि होती नव्हती ती तिनं ऑफिससाठी राखून ठेवली होती. नवरा दशरथ रांजणगावच्या कारखान्यात. कंपनीची बस अंधारातच त्याला घेऊन गेलेली. त्याचा डबा झाला, आईची बीपीची गोळी झाली, आपला डबा व्हायचा होता. ड्रम निम्म्यावर आला आणि धार तुटली. ती नळी झटकून, गुंडाळून, खिळ्याला अडकवून ती बाहेर आली तेव्हा पाठीत कळ उठली. कमरेवर हात ठेवून ती भिंतीला टेकली, आणि आईकडे बघून लगेच सरळ झाली.

श्यामला मूळची आर्णीकडची. बडनेऱ्याला इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात आली ती इथलीच झाली. तेव्हापासून एकाच प्रकारच्या डेटाबेसवर तिनं उमर काढली. टेबलं मांडायची, त्यांची एकमेकांशी नाती जुळवायची, आणि एक गोष्ट एकाच जागी लिहायची. दुसरीकडे लागली तर तिथं नुसता पत्ता द्यायचा. या शिस्तीवर तिचा संसारही चालायचा. घरात सुई एक, कात्री एक, आणि दोन्ही कुठं आहेत हे ती झोपेतही सांगेल. मग उन्हाळ्यात ते जुनं काम बंद पडलं. ग्राहक म्हणाला, आता सगळं नव्यावर न्या. एचआरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की मॅम, तुमच्यासाठी आम्ही एक सुधारणा योजना केली आहे. म्हणजे दिवाळीपर्यंत नवा डेटाबेस शिकायचा, एक काम एकटीनं तडीला नेऊन दाखवायचं. जमलं तर बरं. नाही जमलं तर राजीनामा तुम्हीच द्यायचा, आम्ही काढलं असं दिसायला नको.

चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार होतं तिला? हा प्रश्न ती दशरथला विचारत नव्हती आणि तोही तिला विचारत नव्हता. रोज रात्री दोघं मिळून त्या प्रश्नालाही ताटाशेजारी पाट मांडत होते, एवढंच.

बस मार्केट यार्डापाशी नेहमीसारखी अडकली. कांद्याचे ट्रक आडवे, त्यांच्यामधून हातगाड्या, आणि बसमध्ये कुणाच्या तरी कोथिंबिरीच्या पिशवीचा ओला वास थेट तोंडावर. एका हातानं वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात फोन थरथरला. टीमच्या ग्रुपवर निरोप होता: पाचव्या मशीनची डिस्क बदलतोय, सोमवारपर्यंत मशीन बाहेर. खाली बाकीच्यांचे अंगठे उगवायला लागले होते. श्यामलानंही एक अंगठा चिकटवला आणि फोन पर्समध्ये टाकला. बस हलली तेव्हा तो निरोप तिच्या डोक्यातून कोथिंबिरीबरोबरच उतरून गेला.

तिला शिकवायचं काम तेजसकडे होतं. तेजस कसबा पेठेतला, तिशीच्या अलीकडचा, टीमचा लीड. कानावर कायम हेडफोन, आणि बोलणं असं की पोस्टानं पाठवलं तरी महाग पडू नये. पहिल्याच दिवशी श्यामला टेबलांचा सुबक आराखडा काढून घेऊन गेली होती. त्यानं तो बघितला आणि हळूच उलटा ठेवला.

"श्यामलाताई, टेबल नंतर. आधी प्रश्न कुठला विचारणार ते सांगा."

"टेबल नीट मांडलं की प्रश्न कुठलाही विचारता येतो ना?"

"जुन्या घरात. इथे प्रश्न ठरवून घर बांधायचं. दुसरा प्रश्न आला की दुसरं घर."

"म्हणजे तेच पेशंटचं नाव दोन ठिकाणी लिहायचं?"

"चार ठिकाणी. जागा क्लाएंटची आहे, आपल्या तीर्थरूपांची नाही."

"आणि एका ठिकाणी बदललं, दुसरीकडे राहिलं, तर?"

"तर तुम्ही आहात ना."

असं ते शिक्षण. सहा मशीन्स होती आणि त्यांच्यात मोठं कुणी नव्हतं, धाकटं कुणी नव्हतं. प्रत्येक ओळ तीन-तीन मशीनवर ठेवलेली. एखादं मशीन आजारी पडलं तरी बाकीची गाडा ओढत राहायची आणि ते परतलं की मागं काय काय झालं ते त्याला सांगायची. ओळीतही एकसारखेपणा नाही. एका माणसाच्या ओळीत दोन रकाने, दुसऱ्याच्या ओळीत दोनशे, आणि जो रकाना रिकामा तो लिहायचाच नाही. श्यामलाला रिकामी चौकट बघायची सवय होती. चौकटच नाही हे तिच्या नजरेला टोचायचं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडा ठेवून शिकवणीचे व्हिडिओ बघायची, आणि व्हिडिओतला माणूस पुढं निघून गेला तरी ही मागच्याच वाक्यावर बसलेली असायची. नवं शिकण्याआधी तिला वीस वर्षांचं विसरायचं होतं. विसरायला शिकण्यापेक्षा जास्त दम लागतो, आणि हे तिला कुठल्याच व्हिडिओनं सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिला ऐकताक्षणी कळली होती.

"इथे काहीही पुसलं जात नाही," तेजस एकदा म्हणाला होता.

"म्हणजे?"

"पुसा म्हटलं तर ओळ जात नाही. तिच्यावर खूण बसते, की ही गेली. टूमस्टोन. थडग्यावरचा दगड. ती खूण दहा दिवस ठेवायची. तेवढ्यात सगळ्या मशीनना कळवायचं. मग ओळही जाते आणि खूणही."

"दहाच दिवस का?"

"ज्यानं बनवलं त्याला विचारा. बदलता येतात."

"आणि एखाद्या मशीनला दहा दिवसांत कळलंच नाही तर?"

"तर ते मशीन परत येतं आणि म्हणतं, हा माणूस माझ्याकडे आहे, तुमच्याकडे कसा नाही? बाकीच्यांकडची खूण तर गेलेली असते. ते म्हणतात, असेल बुवा, आणि लिहून घेतात. मेलेला उठून बसतो."

श्यामला खुर्चीत ताठ झाली.

फाल्गुनात तिचे वडील गेले होते. महिपतींना रात्री छातीत दुखलं आणि सकाळी ओसरीवरच्या खाटेवरच ते थंड झाले. भाऊकी मोठी, आठ गावांत विखुरलेली. निरोप द्यायचे होते, कारण दहाव्याच्या आत सगळ्यांच्या कानावर गेलं पाहिजे. ज्याला कळलं त्यानं सुतक धरायचं, आंघोळ करायची, पिंडाला यायचं. महिपतींचा धाकटा भाऊ धोंडिबा तेव्हा वरुडकडे कुणाच्या संत्र्याच्या बागेत राखणीला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. श्यामलाला वाटलं, चुलतभाऊ रणजित माणूस पाठवेल. रणजितला वाटलं, श्यामला घरची लेक, तिनं काहीतरी केलंच असेल. आईला काही वाटावं अशी तिची शुद्ध नव्हती. दहावा झाला. तेरावी झाली. पाव्हणे पांगले.

आणि मग एका दुपारी अंगणातून हाक आली, "दादा, हायेस काय घरी? संत्री आनली."

खांद्यावर पिशवी घेऊन काका ओसरीपाशी उभा होता. खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली. आत आई बसल्या जागेवरून उठली नाही. शेवटी श्यामलानंच सांगितलं. काका रडला नाही. पिशवी खांबाशी टेकवली, हापशावर जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी घेतलं, आणि ओल्या धोतरानं येऊन एवढंच म्हणाला, "मले कोनी सांगतलं नाई." तसाच निथळत गेला. त्यानंतर त्यानं फोन केला नाही. इकडूनही कुणी केला नाही. करून बोलायचं काय?

यातलं तेजसला ती काय सांगणार? ती म्हणाली, "आमच्यात सुतक असतं दहा दिवस."

"आमच्यातही असतं," तेजस म्हणाला. "फक्त त्यात शेवटी लोक जेवून जातात. इथे तीही सोय नाही."

तर त्या बुधवारी ती ऑफिसात पोचली तेव्हा कामाचा ढीग वाट बघत होता. त्यांचा ग्राहक म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या दुकानांची एक मोठी साखळी. साखरेची तपासणी, वर्षाची तपासणी, ज्याची वेळ झाली त्याला मोबाइलवर आठवण जायची. ज्यांचं माणूस गेलेलं असायचं ते कळवायचे की आता मेसेज बंद करा. अशी गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं कुणी काढलीच नव्हती. आता ती सगळी एकदम काढायची होती, आणि हेच ते श्यामलानं एकटीनं तडीला न्यायचं काम. जेवणाआधी तिनं शेवटची मोठी खेप पुसली. पुसली म्हणजे खुणा बसवल्या. खुणा इतक्या झाल्या की जिवंतांचं नाव शोधायलाही डेटाबेसला त्या सगळ्यांवरून पाय उचलून उचलून जावं लागायला लागलं, आणि दुपारी पेज उघडेना.

तीन मजले वर बसणाऱ्या मॅनेजर निशा पडद्यावर आल्या. "शुक्रवारी क्लाएंटसमोर पेज असं गरगर फिरत बसलं तर मी त्यांना काय दाखवू, भोवरा?"

"खुणांची मुदत शून्यावर आणू," तेजस म्हणाला. "लगेच झाडून निघतील. पोचलंय ना सगळीकडे, ताई?"

"पोचलं असेल," श्यामला म्हणाली.

जागेवर येऊन तिनं मशीन्सची पाटी उघडली. पाच ओळी हिरव्या. एक करडी, म्हणजे ते मशीन बंद. करड्या ओळीवर तिची नजर थांबली आणि मनात काहीतरी हललं, ओसरीवरच्या त्या गुंडाळलेल्या गादीसारखं काहीतरी. ती उठून तेजसच्या टेबलापर्यंत गेलीसुद्धा. त्याच्या कानावर हेडफोन होते, पडद्यावर दुसऱ्याच कुणाशी त्याचं काही जोरात चाललं होतं. तो लीड आहे, त्यानं सांगितलं म्हणजे बघूनच सांगितलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पाठ दुखत होती. शिवाय जी बाई सुधारणा योजनेवर आहे तिनं लीडला पुन्हा पुन्हा विचारत बसणं बरं दिसत नाही. ती परत आली आणि तिनं कमांड दिली.

खुणा झाडल्या गेल्या. पेज पाण्यासारखं उघडायला लागलं.

शुक्रवार छान पार पडला. "श्यामला, गुड जॉब," निशा म्हणाल्या. "रिव्ह्यूला हे आपण धरू." शनिवारी श्यामलानं येताना गवारीऐवजी मटार आणले.

"आज काय सन हाय वं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"नाई. असेच."

"असेच मटार म्या आजवर पायले नाईत," आई म्हणाली, पण तिनं सोलायला घेतले. दशरथही सुट्टीवर होता. त्या रात्री ताटाशेजारचा तो प्रश्न आला नाही, किंवा आला असला तरी दाराबाहेर थांबला.

सोमवारी पाचवं मशीन नवी डिस्क घालून, जुना माल आहे तसा घेऊन परत आलं. त्यानं आपली गाठोडी सोडली. बाकीच्यांनी बघितलं तर याच्याकडं माणसं होती आणि आपल्याकडं नव्हती. ती गेली असं सांगणारी खूण कुणाकडंच शिल्लक नव्हती. त्यांनी सगळी नावं भरवशानं लिहून घेतली. आणि मंगळवारी सकाळी, चहाच्या वेळेला, गेलेल्या माणसांना आठवणीचे मेसेज गेले.

दुपारी सगळ्यांना निशांच्या खोलीत बोलावणं आलं. दार लावून घेतलेलं. निशांनी ग्राहकाच्या मदतकेंद्रावर आलेल्या एका फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, पुण्याच्या कडेच्या, आता शहरात ओढून घेतलेल्या कुठल्यातरी गावातला.

"तुळजाबाई बोलतीया. आवं, मालकाला जाऊन दोन वर्सं झाली. नातीनं वाचून दावलं, तुमी म्हंता उद्या उपाशीपोटी या. आता कुठनं आनू त्येंला?"

"सॉरी आजी, चुकून गेलाय मेसेज," मदतकेंद्रातली मुलगी म्हणाली.

"सॉरी नगं गं. येवढंच सांग, त्येंचं नाव हाय का आजून तुमच्यात?"

रेकॉर्डिंग तिथंच संपत होतं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"असे बरेच आलेत," निशा म्हणाल्या. "मुदत शून्य केली ती कमांड कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," श्यामला म्हणाली.

"पाचवं मशीन बाहेर आहे हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. बसमध्ये मेसेज वाचला होता. अंगठाही दिला होता."

"मग?"

श्यामलाच्या तोंडाशी आलं होतं की सांगितलं तेजसनं. ते खरंही होतं. पण हापशावर निथळत उभा असलेला काका तिला दिसत होता, आणि तेव्हाही रणजितचं नाव तिच्या तोंडाशी असंच आलं होतं. "मला वाटलं, तेजसला माहीत असेल," ती म्हणाली. "विचारायला गेले होते. विचारलं नाही."

तेजसनं गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "शून्य करा असं सांगितलं मी. मला वाटलं, काम ताईंचं आहे, त्यांनी बघितलं असेल. आणि अंगठा मीही दिलाय." मग तो म्हणाला, "तुमचाही आहे त्याच्यावर, निशा. वर जाऊन बघितलं मी. अख्ख्या टीमचे आहेत. सही करायला माणूस शिल्लक नाही."

निशांनी फोन उचलून बघितला आणि पालथा ठेवला. मग त्या म्हणाल्या, "रिव्ह्यू शुक्रवारी होता. तो पुढं ढकलतेय. आधी हे निस्तरा."

निस्तरायचं म्हणजे मेसेज थांबवायचे, गेलेल्यांवर पुन्हा खुणा बसवायच्या, मुदत पुन्हा दहा दिवसांवर न्यायची, आणि मग एकेक मशीन घेऊन त्याच्याकडचा सगळा माल बाकीच्यांकडच्या मालाशी ताडून बघायचा, की याला कळलं का, त्याला कळलं का. हे काम बैलगाडीच्या चालीचं. घाई केली तर सगळाच गाडा बसतो. करायला टीममधलं कुणी उत्सुक नव्हतं.

"हे मी करते," श्यामला म्हणाली.

"करा," तेजस म्हणाला. "दहा दिवस तरी तुम्हाला कुणी हलवत नाही. सुतकात कार्य काढत नाहीत."

ते दिवस एकसारखे गेले. सकाळी आल्यावर एक मशीन लावायचं, संध्याकाळी ते पुरं झालं की दुसऱ्या दिवशी पुढचं. पडद्यावर अक्षरांची रांग सरकत राहायची आणि श्यामला तिच्यासमोर बसून राहायची, शेतात पाणी धरणाऱ्या माणसासारखी. दिसायला नुसती उभी, पण पाटाचा बांध फुटला तर जबाबदार. मधूनमधून ती उठून हार्डवेअरवाल्यांच्या खोलीत जायची. "कुठलं मशीन बाहेर काढणार आहात का या आठवड्यात?"

"ग्रुपवर टाकू ना, मॅम."

"ग्रुपवर टाका. आणि मला तोंडानं सांगा."

"अंगठा देता ना तुम्ही?"

"अंगठ्यावर माझा भरवसा नाही राहिला. तुमच्या नाही हो, माझ्याच."

त्यांना ती बाई डोक्याला ताप वाटायला लागली. तेजसला त्यांनी तसं सांगितलंही. तेजस म्हणाला, "मलाही विचारतात रोज. मी आता हेडफोन काढूनच ठेवतो, तेवढाच वेळ वाचतो."

एकदा डबा खाताना त्यानं आपणहून विचारलं, "तुमच्यात कुणाला कळवायचं राहिलं होतं का?"

"हो."

"मग?"

"मग काय. राहिलं."

त्यानं आपल्या डब्यातला अळूच्या वडीचा तुकडा तिच्या झाकणात ठेवला आणि पुन्हा फोन बघायला लागला.

मुदत सरली. खुणा आपापल्या वेळेला गेल्या आणि या वेळी त्यांच्या मागून कुणी उठून आलं नाही. दुसऱ्या दिवशी निशांनी बोलावलं.

"काम नीट झालंय," त्या म्हणाल्या. "पण जे झालं तेही झालंय. ते वरपर्यंत गेलंय. प्लॅन बंद करता येणार नाही. आणखी तीन महिने वाढवतोय."

"बरं."

"तुला काही बोलायचंय?"

श्यामलानं विचार केला. तीन महिने म्हणजे संक्रांतीपर्यंत. रडू येईल असं तिला वाटलं होतं, तसं काही आलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. "नाही," ती म्हणाली. घरी येऊन तिनं दशरथला सांगितलं. तो पायमोजे काढत होता, तसाच एक मोजा हातात धरून म्हणाला, "चला, तीन महिने तर तीन महिने. जेवाले वाढ." मग मोजा खाली ठेवून म्हणाला, "तू बस. म्या घेतो."

पुढच्या बुधवारी पुन्हा तसंच उजाडलं. ढग मात्र गेले होते, आणि तळजाईकडून किंचित गार वारा यायला लागला होता. मोरीत ड्रम, ड्रममध्ये नळी, नळीला अजून पाणी नव्हतं. आई पाटावर बसली होती. श्यामलानं हात पदराला पुसले, फोन घेतला आणि धोंडिबाकाकाचा नंबर लावला. तो रणजितकडून मागून घ्यावा लागला होता. बराच वेळ रिंग वाजत राहिली. लागू नये असंही तिला मधेच वाटून गेलं.

"कोन?"

"काका, म्या श्यामला. पुन्याहून."

तिकडं कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"कोनी गेलं काय?" त्यानं विचारलं.

"नाई, काका. सगये हायेत. सहजच केला."

"सहज," काका म्हणाला. ते तोंडात घोळवून बघितल्यासारखं पुन्हा एकदा म्हणाला, "सहज." मग, "वयनी कशी हाय?"

"हाय. गवार निवडून रायली."

"आता गवार कायची वं. जून असन."

आईला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. "त्याले सांग, जूनच हाय," ती आतून म्हणाली. "इथं असीच भेटते. सांग त्याले."

"सांगते," श्यामला म्हणाली, पण सांगायचं दुसरंच होतं आणि ते कसं सुरू करायचं ते तिला सुचेना. काकाच बोलला.

"थे संत्री खाल्ली होती काय तुमी?"

खांबाशी टेकवलेली ती पिशवी दोन दिवस तशीच होती. मग आईनंच उठून ती सोडली होती, शेजारच्या लेकरांना वाटली होती, आणि शेवटचं एक सोलून त्यातली फोड श्यामलाच्या हातावर ठेवली होती.

"खाल्ली, काका."

"गोड होती काय?"

"होती."

"मंग झालं," काका म्हणाला.

मोरीत नळी खोकली, दोनदा फुरफुरली, आणि ड्रमच्या बुडाशी पाण्याचा आवाज आला.

"काका, पानी आलं. ठेवू काय?"

"ठेव, ठेव. जाईन नाई तं."

श्यामलानं फोन खिडकीत ठेवला, साडी खोचली आणि मोरीत जाऊन नळी ड्रमच्या आत नीट सारली. आज धार बरी होती. बादल्या तिनं रांगेत सरकवून घेतल्या आणि कुकर आणायला आईला हाक मारली.